स्टँडावरचे चीफ ऑफिसर

गाडी सुटायची वेळ झाली की ते आधी ड्रायव्हरच्या बाजूला जायचे आणि मान उंचावून आत पाहायचे. मग वळसा घालून प्रवाशांच्या दाराशी यायचे, कंडक्टर कुठे आहे ते पाहायचे. दोघंही जागेवर दिसले की माझ्या खिडकीकडे वळून हात वर करायचे. "पूर्ण आहे बाई. जाऊ द्या."

जशी काही त्यांच्या हुकमाशिवाय एसटी हलतच नव्हती! सुरुवातीला मला याचा फार राग यायचा. तुम्हीच सांगा, आपण पोटासाठी नोकरी करायची, वरच्यांची बोलणी खायची, आणि कोणी पांढरा सदरा घातलेला रिकामा माणूस रोज येऊन आपल्या गाड्या तपासून जाणार. एकदा मी तोंडावर म्हणाले, "भाऊ, पगार मी घेते, तुमी काऊन तरास घेऊन राह्यले?" ते हसले नाहीत. माणसं पूर्ण पाहिल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही, एवढंच म्हणाले आणि पुढच्या गाडीकडे गेले.

मी आधी कंडक्टर होते. घोट, आष्टी, अहेरी, सगळे रस्ते उभ्यानं केले, गुडघे गेले, मग वाहतूक नियंत्रक झाले. नियंत्रक कोण असतो ते तुम्ही पाहिलंच असेल. जाळीच्या खिडकीआड बसलेला माणूस, ज्याला सगळं गाव विचारतं गाडी केव्हा लागते, आणि ज्याला स्वतःला ते गाडी लागल्यावरच कळतं. आमचा स्टँड मार्कंड्याच्या वाटेवरच्या गावात. समोर चहाची टपरी, बाजूला तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याचा ठेला, मागे धानाच्या बांध्या. पाणी म्हणजे आम्हाला एक तर तलावाचं, नाही तर वैनगंगेचं. अशा गावात हे गृहस्थ समुद्रावरच्या मोठ्या मालवाहू जहाजाचे अधिकारी होते. नोकरी सोडून गावी परत आले, पाच-सहा बांध्या कसायला घेतल्या, आणि सकाळ-संध्याकाळ स्टँडावर येऊन बसू लागले.

लोक त्यांना कप्तान म्हणायचे. ते चिडायचे. "मी कप्तान नव्हतो. चीफ ऑफिसर होतो. कप्तान वर असते, त्याच्या खाली मी." चहावाला मान डोलवायचा आणि विचारायचा, "बराबर आहे कप्तानसाहेब. चहा कोरा का दुधाचा?" पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय. गाडीची वाट पाहणारी शाळेची पोरं त्यांना घेरायची. एका पोरीनं विचारलं, तुमचं जहाज आमच्या गावच्या तलावात मावते काय? कोणीही हसून सोडून दिलं असतं. यांनी तलाव डोळ्यांपुढे आणला, बराच विचार केला आणि म्हणाले, "मावते. पण मंग तलावात पाणी राह्यत नाई." पोरीला ते पटलं. मलाही पटलं.

तर हे 'पूर्ण' काय प्रकरण आहे ते मी एकदा विचारूनच घेतलं. दुपारची वेळ, गाड्या गेलेल्या, स्टँडावर कुत्री झोपलेली. त्यांनी खिडकीशी स्टूल ओढलं आणि शाळेत शिकवावं तसं सांगितलं. माल वाहणाऱ्या प्रत्येक जहाजावर सरकारी शिक्क्याचा एक कागद भिंतीवर लावलेला असतो. या जहाजावर कमीत कमी इतके अधिकारी पाहिजेत आणि कोणत्या जागेवर कोणती परीक्षा पास झालेला माणूस पाहिजे, हे त्यावर लिहिलेलं असतं. कप्तान, त्याच्याखाली चीफ ऑफिसर, मग सेकंड, थर्ड, आणि खाली इंजिनावरचे वेगळे. एक जरी कमी असला तरी बंदरातून जहाज सोडत नाहीत. मी म्हटलं, एका माणसानं एवढं काय बिघडतं? ते म्हणाले, जहाज झोपत नाही बाई, म्हणून कोणीतरी जागं लागतं. तिघांनी पाळ्या वाटल्या तर झोप होते. एक कमी झाला की बाकीच्यांची झोप मोडते. माणूस पायावर उभा दिसतो, पण डोळ्यांमागे कोणी नसतं.

मालकाला माणूस नेहमी जास्तच वाटतो, असंही ते म्हणायचे. "सरकारनं लिहून ठेवलं म्हणून बरं आहे. नाई तं मालकानं कप्तानालेच सैपाक करायले लावलं असतं." हे त्यांनी इतक्या गंभीरपणे सांगितलं की मी चहा सांडला.

मग महाशिवरात्रीची मार्कंड्याची जत्रा आली. जत्रेच्या दिवसांत नियंत्रकाच्या नाकी नऊ येतात, ते ज्याचं जळतं त्यालाच कळतं. जादा गाड्या, हातात नारळ घेतलेल्या बाया, खांद्यावर पोरं, आणि सगळ्यांना पुढचीच गाडी पाहिजे. आमचा एक ड्रायव्हर पहाटेपासून फेऱ्या करत होता. आणखी एक फेरी द्या म्हणून तोच मागे लागला होता. मला तर देवच पावला. मी त्याला गाडी दिली, ती गच्च भरली, आणि हे चीफ ऑफिसर गाडीच्या पुढे जाऊन उभे राहिले. हलेनात. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, लोक आतून ओरडायला लागले. मी खिडकी सोडून धावले आणि सगळ्यांदेखत त्यांच्यावर तोंडसुख घेतलं. त्यांनी मला बोलू दिलं. मग म्हणाले, "याचे डोळे पाहा बाई."

मी पाहिलं. डोळे लालभडक, आणि पापणी खाली आली की वर यायला वेळ लागत होता.

"तो म्हणते मी जातो," ते म्हणाले. "जाणारा असंच म्हणते. पाठवणाऱ्यानं पाह्यचं असते."

मी गाडी थांबवली. लोकांनी मला ज्या शिव्या दिल्या त्या काही मंदिरात नेण्यासारख्या नव्हत्या. दुसरा ड्रायव्हर जेवून आला तेव्हा गाडी गेली. आणि तो पहिला माझ्या केबिनमागच्या बाकावर तोंड उघडं टाकून जो झोपला तो दिवेलागणीलाच उठला. त्या दिवसापासून त्यांनी हात वर केला की मलाही बरं वाटायला लागलं. खोटं कशाला बोलू, नंतर नंतर मी त्यांच्या हाताची वाट पाहायची.

त्यांच्या बायकोचं मला कळलं ते एका कंडक्टरमुळे. मुक्कामी गाडी होती. ती संध्याकाळी आतल्या गावी जाते, तिथंच राहते आणि सकाळी शाळेची पोरं घेऊन येते. गाडी लागली आणि कंडक्टरला फोन आला की माय सिरीयस आहे. माझ्याकडे दुसरा माणूस नव्हता. मी इकडे गडचिरोलीला फोन लावत होते आणि तो पोरगा पिशवी मांडीवर घेऊन बाकावर बसला होता. मी गेलो तर गाडी जाणार नाही, पोरांची शाळा बुडेल, असं तोच म्हणत होता. शेजारी हे बसलेले. मला वाटलं, म्हातारा माणूस आहे, त्याला धीर देतील, जा म्हणतील. ते म्हणाले, "बराबर आहे. बदली आल्याशिवाय जागा सोडायची नाई."

मी फोन आपटला. "भाऊ, माय आहे ती त्याची. तुमच्या जहाजाची कोळशाची गोण नाई."

सुदैवानं गडचिरोलीहून येणाऱ्या गाडीत एक सुट्टीवरचा कंडक्टर सापडला, त्याला मी हातापाया पडून मुक्कामीवर बसवलं आणि या पोराला पिटाळलं. त्याची माय वाचली, आजही आहे. सगळं शांत झाल्यावर ते खिडकीशी आले आणि माझ्याकडे न पाहता बोलायला लागले.

त्यांचं जहाज तेव्हा परमुलखात कुठल्यातरी बंदरात लोखंडाचं खनिज भरत होतं. त्यांनी बंदरावरच्या बूथमधून घरी फोन लावला तर मेहुणा बोलला. बायकोला मलेरिया झाला होता आणि तो डोक्यात चढला होता. आपल्याकडे पावसाळा सरता सरता हे घरोघर असतं, तुम्हाला सांगायला नको. तिला गडचिरोलीहून नागपूरला नेलं होतं. या म्हणाला, लवकर या. आणि जहाजावरची गोष्ट अशी की सेकंड ऑफिसर आधीच्या बंदरात आजारी पडून दवाखान्यात राहिला होता. सरकारकडून तेवढ्यापुरती खास परवानगी काढून जहाज एक माणूस कमी घेऊन चाललं होतं. त्यात हेही उतरले तर जहाज हलणार नव्हतं. बदलीची माणसं पुढच्या बंदरात मिळणार होती, आणि पुढचं बंदर अख्खा समुद्र ओलांडून.

"मी उतरलो असतो तं जहाज उभं राह्यलं असतं बाई. सगळेच अडकले असते. कोणाच्या घरी लग्न होतं, कोणाचं लेकरू झालं होतं."

ते राहिले. अर्ध्या समुद्रात असताना कंपनीची तार आली. कप्तान स्वतः तो कागद घेऊन वर आला. त्याच्यानं वाचून दाखवणं झालं नाही, म्हणून कागद त्यांच्या हातात दिला. संध्याकाळची पाळी यांची होती.

मी विचारलं, मग? "मंग काय. पाळी केली. कोण करणार होतं?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि डोक्यात सणक गेली. मी म्हटलं, तुमच्या त्या कप्तानाच्या छातीत दगड होता काय? ते समोरच्या रिकाम्या फलाटाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "नियम बराबर होता. माणूस कमी घेऊन समुद्रात जायचं नसते." ते असं म्हणाले की जसं मीच नियमाला नावं ठेवली होती. मी मनात त्या न पाहिलेल्या कप्तानाला यथेच्छ शिव्या घातल्या. गावातही सगळ्यांचं तेच म्हणणं होतं की कप्तानानं सोडलं नाही बिचाऱ्याला, बायकोला अग्नी द्यायलाही येऊ दिलं नाही.

पुढच्या बंदरात उतरून ते घरी आले तेव्हा तिचं तेरावंही होऊन गेलं होतं. पोरगी लहान होती, आत्याकडे राहत होती. वर्षात फार तर दोनदा दिसणारा हा माणूस तिला नीट ओळखीचाही नव्हता. कित्येक दिवस ती त्यांना काका म्हणायची. ते पुन्हा जहाजावर गेलेच नाहीत.

आणि त्याच पोरीनं बारावी झाल्यावर सांगितलं की मी जहाजावर जाणार. मला हे कळलं कारण त्या आठवड्यात ते स्टँडावर फिरकले नाहीत, आणि आमच्या गाड्या कोणी न तपासताच गेल्या. मग एक दिवस दोघंही आले. त्यांच्या हातात बैलाचा कासरा होता. माझ्या केबिनच्या कठड्याला तो बांधून त्यांनी तिला गाठी शिकवायला सुरुवात केली. ही कशी आवळते, ही कशी एका झटक्यात सुटते. पोरगी हुशार, तिनं सरावासाठी कंडक्टरांच्या पिशव्या बाकाला बांधून ठेवल्या आणि त्यांची सोडवता सोडवता पुरेवाट झाली. बापलेक फार बोलत नसत. दोघांमध्ये तो कासरा असायचा, तेवढंच.

ती परीक्षा पास होत गेली आणि सेकंड ऑफिसर झाली तेव्हा त्यांनी सगळ्या स्टँडाला पेढे वाटले. साफसफाईवाल्या बाईपासून पोलिसापर्यंत एकालाही सोडलं नाही. माझ्या हातावर पेढा ठेवत म्हणाले, "आता माह्या पोरीशिवाय जहाज हलत नाई बाई." डोळे असे चमकत होते त्यांचे. मी पेढा तोंडात टाकला.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी ते दिसेनासे झाले. आले तेव्हा सदरा खुंटीला टांगावा तसा अंगावर लोंबत होता. पोटात गाठ निघाली होती. नागपूरच्या डॉक्टरनं आता घरीच ठेवा म्हणून सांगितलं होतं. हे सगळं त्यांनी मला एसटीचं वेळापत्रक सांगावं तसं सांगितलं, आणि मग वचन मागितलं की पोरीला कळवायचं नाही. तिचा करार उन्हाळ्याच्या तोंडाशी संपतो, तेव्हा येईलच. "मधात बलवायचं नाई. तिच्या जागी माणूस नसते." मी हो म्हटलं. मरायला टेकलेल्या माणसापुढे कोण नाही म्हणेल?

दिवाळी झाली, धान कापणीला आलं. आता ते खाटेवरच असत. मी सुट्टीच्या दिवशी त्यांच्या गावी जायची. ते विचारायचे, मुक्कामीवर कोण आहे, अहेरीच्या गाडीला ड्रायव्हर कोण दिला. मी सांगायची. एका दिवशी निघताना त्यांची बहीण मला वाडीच्या कुंपणापर्यंत सोडायला आली आणि म्हणाली, आता पेजही पोटात ठरत नाही, आणि झोपेत पोरीचं नाव घेतात. माझं टाळकंच सरकलं. माणूस मरून राहिला आहे, पोटची पोर दूर आहे, आणि आम्ही सगळे मिळून नियम पाळत बसलो! रस्त्यावर येईपर्यंत मी मोबाईल काढला आणि तिला सगळं बोलून पाठवलं. वचन मोडलं. मोडलं तर मोडलं, वर गेल्यावर पाहू.

आता जहाजावर इंटरनेट असतं. दुसऱ्या दिवशी तिचं उत्तर आलं. चार-पाच दिवसांत जहाज विशाखापट्टणमला लागेल, एवढंच लिहिलं होतं. येते म्हणून लिहिलं नव्हतं. मला खरी भीती तिचीच होती. या पोरीला त्याच नियमाचं बाळकडू मिळालं होतं. बदली माणूस नाही म्हणून तीही बसून राहील, आणि बापाच्या नशिबात जे होतं तेच मुलीच्याही नशिबात येईल, असं मला रोज वाटायचं. बल्लारशाकडून येणारी प्रत्येक गाडी मी खिडकीतून वाकून पाहायची.

एका दुपारी ती उतरली. पाठीवर पिशवी, केस विस्कटलेले, रात्रभराच्या रेल्वेनं डोळे सुजलेले. मी खिडकी सोबतच्याला दिली आणि ऑटो करून तिला घेऊन गेले.

ते छपरीत खाटेवर होते, पायावर ऊन आलेलं. तिला पाहून त्यांचा चेहरा असा फुलला की मला वाटलं, वचन मोडलं ते बरंच केलं. आणि लगेच तो चेहरा मिटला.

"तुहा करार तं संपला नाई."

"नाई, बाबा."

"जहाज कुठी आहे?"

"विशाखापट्टणमले. बंदराबाहेर नांगर टाकून आहे."

"तुह्या जागी कोण आलं?"

ती खाटेच्या काठावर बसली. "अजून कोणी नाई. कंपनी पाठवून राह्यली. येईपर्यंत उभं आहे जहाज."

ते उठायला लागले. आम्ही दोघींनी धरलं तरी ऐकेनात. जहाज उभं म्हणजे काय, मालक गप्प बसेल काय, कप्तानानं तुला सोडलंच कसं, असं तुटक तुटक बोलत होते आणि धाप लागत होती. तिनं शांतपणे सांगितलं. आपण कप्तानाकडे गेलो आणि बाबांचं असं असं आहे म्हणून सांगितलं. त्यानं कंपनीला फोन लावला. कंपनीवाले खूप बोलले. तो ऐकून घेत होता. मग त्यानं त्यांना सांगितलं की सेकंड ऑफिसरशिवाय जहाजानं निघायचं नाही असा नियम आहे, म्हणून जहाज निघणार नाही. सेकंड ऑफिसरनं बापाला भेटायला जायचं नाही असं कुठं लिहिलेलं नाही. आणि तिला म्हणाला, जा.

ते पुन्हा आडवे झाले. त्यांची बहीण पेजेची वाटी घेऊन उभी होती, ती तशीच उभी राहिली. शेजारच्या बांधीत कापणीच्या बाया बोलत होत्या, तेवढा आवाज येत होता. त्यांनी तोंड भिंतीकडे केलं.

"विचारलं तं सोडते म्हणजे," ते म्हणाले.

पोरीनं हात घालून त्यांची उशी सारखी केली.

"मी विचारलंच नवतं गं."

तिला कळलं नाही. मलाही नाही. ती वाकून म्हणाली, "काय बाबा? कोणाले?"

"कप्तानाले. तुही माय तिकडे... मी बूथवरून आलो अन् कामाले लागलो. त्याले सांगितलंच नाई मी. जहाज अडन म्हणून माह्या मनानंच धरलं. तार आल्यावर तो मले म्हणे, बोलला काऊन नाई? एकदा बोलायचं तं होतं." त्यांचे खांदे हलायला लागले. "थांबवलं असतं त्यानं. तेव्हाही उभं राह्यलं असतं जहाज."

इतकी वर्षं हा माणूस ते गिळून बसला होता. आम्ही सगळे कप्तानाला शिव्या देत होतो, आणि त्यांनी ना हो म्हटलं ना नाही. नियम बरोबर होता, एवढंच म्हणत राहिले. नियम बरोबरच होता हो. पण तो जहाजासाठी होता, आणि यांनी तो स्वतःच्या गळ्यात बांधून घेतला.

पोरगी उठली. अंगणात गेली, विहिरीपाशी पाठमोरी उभी राहिली. मला वाटलं, आता ही आत येत नाही. आली. आत्याच्या हातातली वाटी घेतली, त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि चमच्यानं पेज भरवायला लागली. अर्धी बाहेर येत होती, ती पदरानं पुसावी तशी ओढणीनं पुसत होती. तिनं माफ केलं की नाही ते मला माहीत नाही. मी विचारलं नाही, विचारायची माझी छातीही नव्हती.

त्यानंतर ते थोडेच दिवस होते. त्या दिवसांत त्यांनी तिला आईबद्दल सांगितलं. आजवर कधी बोलले नव्हते. त्यांना सोडायला आई बल्लारशा स्टेशनापर्यंत यायची आणि गाडी हलली की बाकीच्या बाया हात हलवायच्या, ही मात्र रागानं पाठ करून उभी राहायची. भाताबरोबर तिला आंबाडीची भाजी रोज लागायची. पोरीला पायावर घेऊन न्हाऊ घालताना ती काय काय बडबडायची. तिकडे बदलीचा माणूस आला, जहाज गेलं. पोरीनं ते त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी नुसते डोळे मिटून घेतले. धान खळ्यावर यायच्या आत ते गेले. वैनगंगेच्या काठी तिनंच अग्नी दिला. आमचे ड्रायव्हर-कंडक्टर जे ड्युटीवर नव्हते ते सगळे आले होते.

ती परत निघाली तेव्हा नागपूरच्या गाडीला वेळ होता. मी तिला केबिनमध्ये बसवलं, चहा मागवला. तिनं तो घेतला नाही. कप हातात धरून म्हणाली, "मावशी, मी जहाजावर काऊन गेली माहीत आहे?"

मी म्हटलं, बापासारखं व्हायचं म्हणून.

"त्या कप्तानासाठी गेली. बाबाच्या जुन्या कागदात त्याचं नाव होतं. लहान होती तेव्हाच पाठ केलं. एखाद्या दिवशी भेटला तं विचारीन, माह्या बाबाले काऊन नाई सोडलं म्हणून."

"मंग?"

"भेटला. परीक्षेच्या कोर्सले मुंबईले होती, तं तो तिथं शिकवायले होता. म्हातारा झाला आता. माहं आडनाव वाचून त्यानं विचारलं, तू त्याची पोरगी काय? खूप खुश झाला. अन् मी सगळ्या वर्गासमोर..." ती थांबली. "जे तोंडात आलं ते बोलली मावशी. तुमच्यामुळं माही माय बाबाले न पाहता मेली म्हणाली. सगळे पाहून राह्यले होते. तो खाली मान घालून ऐकत होता. खरं काय ते सांगू शकत होता, पण एक शब्द नाई बोलला."

बाहेर कंडक्टर नागपूर, नागपूर म्हणून ओरडायला लागला होता. तिनं कप खाली ठेवला.

"वर्ग सुटल्यावर माह्या मागं मागं दारापर्यंत आला. म्हणे, बाबाले माहा नमस्कार सांगजो. त्याले म्हणा, मले त्याची लय आठवण येते." तिचा आवाज फुटला. "मी तो नमस्कार बाबाले कधी सांगितलाच नाई."

मी तिला जवळ घेतलं आणि आम्ही दोघी त्या जाळीच्या खिडकीआड रडलो. लोक बाहेरून गाडी केव्हा सुटते म्हणून विचारत होते.